वापरायला सोपे, तरी वापरात नाही : सामूहिक संशोधनाच्या ऑनलाइन साधनांची परीक्षा कशी घडत गेली

दूरदूरच्या संशोधकांनी संगणकावर एकत्र काम करावे, ही कल्पना इंटरनेटपेक्षाही जुनी आहे. 9 डिसेंबर 1968 रोजी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील प्रात्यक्षिकात मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याशी बोलत, दोघांना एकाच वेळी दिसणाऱ्या मजकुरावर काम करून दाखवले. पुढे 1989 मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ विल्यम वुल्फ यांनी भिंती नसलेल्या प्रयोगशाळेची कल्पना मांडली आणि तिला 'कोलॅबोरेटरी' हे नाव दिले. त्याच वर्षी टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातील भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत वेबचा पहिला प्रस्ताव लिहिला. साधने येऊ लागली. ती कामाची आहेत की नाहीत, हे ठरवायची रीत मात्र तयार नव्हती, म्हणून ती दुसरीकडून उसनी घेतली गेली.

उसनी घेतलेली ही रीत वापरसुलभतेच्या, म्हणजे साधन वापरायला किती सोपे आहे हे पाहणाऱ्या, चाचण्यांची होती आणि ती एकट्या माणसासाठी घडलेली होती. जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केलेली एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही दहा विधानांची प्रश्नावली आजही सर्रास वापरली जाते. तिची उत्तरे प्रत्येक जण फक्त स्वतःपुरती देतो. यंत्रणा वारंवार वापरायला मला आवडेल का, हे पहिले विधान घ्या. सामूहिक साधनाच्या बाबतीत याचे उत्तर पडद्यावरच्या बटणांपेक्षा बाकीचे सहकारी तिथे येतात की नाही यावर ठरते. जेकब नील्सन आणि रॉल्फ मोलिख यांची 1990 ची तज्ज्ञ-तपासणीची पद्धतही एका माणसाचा एका पडद्याशी चाललेला व्यवहार डोळ्यांसमोर ठेवते.

सामूहिक संगणक-प्रणालींचे अभ्यासक जोनाथन ग्रुडिन यांनी 1988 मध्येच याचे वर्म सांगितले होते. सामूहिक प्रणालीत जादा काम एकाच्या वाट्याला येते आणि फायदा दुसऱ्याला होतो. संशोधनात तर हे रोजचेच. नोंदी नीट भरायच्या, फायलींना वर्णन जोडायचे, ही कामे कनिष्ठ संशोधकाच्या गळ्यात पडतात, आणि त्यावरून तयार होणारे चित्र प्रकल्पप्रमुखाला उपयोगी पडते. तासाभराच्या चाचणीत ही विषमता दिसणे शक्यच नाही, कारण तिथे काम आणि मोबदला दोन्ही चाचणी घेणाऱ्यानेच ठरवलेले असतात.

मला सर्वांत बोलके वाटते ते 'वर्म कम्युनिटी सिस्टिम'चे उदाहरण. सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीवर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांसाठी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेत बांधली गेली. बांधताना वापरकर्त्यांना विचारले होते, सुधारणाही केल्या होत्या. सुसान ली स्टार आणि कॅरेन रूलेडर या अभ्यासकांनी प्रयोगशाळांमध्ये जाऊन मुलाखती घेतल्या, तेव्हा बहुतेकांनी प्रणाली आवडल्याचे सांगितले. तरीही अनेकांनी ती कधी सुरूच केली नाही आणि इंटरनेटवर माहिती शोधायच्या गोफरसारख्या साध्या साधनांवर भागवले. कोणाकडे लागणारे संगणक नव्हते, कोणाकडे युनिक्स ही संगणक चालवणारी कार्यप्रणाली सांभाळणारे माणूस नव्हते. शिवाय शोधनिबंध प्रसिद्ध होण्याआधी माहिती उघड केली तर दुसराच कोणी पुढे जाईल, ही धास्ती होती. वापरसुलभतेची नेहमीची कसोटी लावली असती, तर ही प्रणाली चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असती. आवड आणि वापर यांच्यातले हे अंतर कागदोपत्री इतक्या स्वच्छपणे क्वचितच नोंदले गेले आहे.

त्याच काळात मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने उच्च वातावरणाच्या अभ्यासाचा 'यूएआरसी' प्रकल्प चालू होता. ग्रीनलंडमधील सोंद्रेस्त्रोम केंद्रावरची उपकरणे शास्त्रज्ञांना आपापल्या जागेवरून पाहता येऊ लागली. इथे परीक्षा शेवटी घेतली नाही, ती बांधणीबरोबरच चालू राहिली. प्रत्यक्ष निरीक्षण मोहिमांमध्ये काय घडते ते पाहायचे, प्रणाली बदलायची, पुन्हा पाहायचे. शास्त्रज्ञांचे लेखी संवाद जपून ठेवले गेले आणि समोरासमोरच्या बोलण्याशी ताडून पाहिले गेले. लेखी संवादात एकाच वेळी अनेक विषय गुंतलेले असत, तरी शास्त्रज्ञ ते निभावून नेत. खऱ्या कामाच्या नोंदी हाताशी असल्या की परीक्षकाचे अंदाज किती बदलतात, ते इथे दिसते.

या सगळ्याला पद्धतीचे रूप 2000 च्या सुमारास मिळाले. कार्ल गटविन आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी सामायिक जागेत काम करताना लागणाऱ्या मूलभूत क्रिया मांडल्या : बोलणे, दुसऱ्याच्या हालचालींवरून अर्थ काढणे, कृतींचा मेळ घालणे, इतरांवर लक्ष ठेवणे, मदत करणे, आपले काम कोणाच्या हातून बिघडू न देणे. आता परीक्षकाला नेमके विचारता येऊ लागले : मी परिच्छेद बदलत आहे हे सहकाऱ्याला केव्हा आणि कसे कळते? जुडिथ आणि गॅरी ओल्सन या दांपत्याने 2000 मध्येच दाखवले की अंतराचा परिणाम तंत्रज्ञानाने पुसला जात नाही. परस्परांची समज आणि सहकार्याची तयारी आधीपासून नसेल, तर साधन फार काही करू शकत नाही.

ब्रिटनमध्ये 2004 पासून 'जिस्क' या उच्च शिक्षणातील डिजिटल सोयी पाहणाऱ्या संस्थेने आभासी संशोधन-परिसरांना, म्हणजे संशोधकांसाठी बांधलेल्या ऑनलाइन जागांना, निधी दिला. पुढे गूगल डॉक्स आणि मिळून प्रोग्रॅम लिहिण्यासाठीचे गिटहब आले, आणि खास बांधलेल्या परिसरांना सर्वसाधारण साधनांशी स्पर्धा करावी लागली. आता प्रत्येक क्लिकची नोंद मिळते. पण ज्याने महिनाभरात साधन सोडले, त्याने ते का सोडले, हे त्या नोंदींत नसते. मूल्यमापनाच्या प्रश्नावल्याही बहुधा टिकून राहिलेल्यांनाच पाठवल्या जातात. सोडून गेलेल्यांना शोधून विचारणे खर्चिक आहे, पण त्याशिवाय निष्कर्ष अपुरे राहतात.

दृष्टिहीन संशोधकांचा प्रश्न तर फार उशिरा विचारात आला. वेब अपंगांनाही वापरता यावे यासाठीची, वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे 1999 ची आहेत. पडद्यावर आपसूक उमटणारे स्थितीसंदेश (उदाहरणार्थ 'बदल जतन झाले') पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचलेच पाहिजेत, हा निकष त्यांत आला तो 2018 च्या 2.1 आवृत्तीत. एकाच मजकुरात तिघे जण लिहीत असताना कोणी, कुठे, काय बदलले हे ऐकून कळते का, याची चाचणी दृष्टिहीन संशोधकाला त्याच्या खऱ्या सहकाऱ्यांसोबत बसवूनच घ्यावी लागते.