ओरिनोकोवरील डास

ओरिनोकोवरील डास : दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीच्या खोऱ्यात (मुख्यतः आजच्या व्हेनेझुएलात) चावऱ्या कीटकांचा होणारा जाच. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्सांडर फोन हम्बोल्ट आणि फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लाँ यांनी १८०० साली या नदीतून प्रवास केला, तेव्हा या जाचाची बारकाईने नोंद झाली. जंगलप्रवासाच्या जुन्या वर्णनांत मानाचे पान जग्वार, मगरी आणि सापांना मिळते; डासांची बोळवण एखाद-दुसऱ्या ओळीत होते. हम्बोल्टने त्यांचे वेळापत्रक मांडले, त्यांच्या वस्तीचा नकाशाच काढला म्हणा ना.

ओरिनोको आणि ॲमेझॉन या दोन खोऱ्यांना जोडणारा कासिक्यारे हा नैसर्गिक प्रवाह खरोखर आहे की नाही, हे पाहणे हा या प्रवासाचा हेतू होता. ३० मार्च १८०० रोजी सान फर्नांदो दे आपुरे येथून निघालेली मंडळी जूनच्या मध्यास आंगोस्तुराला (आजचे सिउदाद बोलिव्हार) पोहोचली. पुढे त्यांची होडी म्हणजे एकच झाड कोरून केलेली, सुमारे ४० फूट लांब आणि जेमतेम ३ फूट रुंद डोंगी. मागच्या बाजूला पानांचे छप्पर, तेही इतके ठेंगणे की खाली एकतर आडवे पडावे नाहीतर पाठ मोडून बसावे. वाटेत गोळा केलेली माकडे आणि पक्षी याच होडीत. चावणाऱ्यापासून उठून दूर जायला जागाच नव्हती.

नावांचा एक घोटाळा आधी सोडवलेला बरा. स्पॅनिशमध्ये ‘मोस्का’ म्हणजे माशी आणि ‘मोस्किटो’ म्हणजे लहान माशी. ओरिनोकोवरचे लोक ‘मोस्किटो’ म्हणत ते आपले डास नव्हेत. ती सिम्युलियम वंशातली काळी, कुबडी माशी, आपल्याकडच्या चिलटाएवढी, पण रक्त पिणारी. आपण ज्याला डास म्हणतो त्याला तिथे ‘सांकुदो’, म्हणजे लांब टांगांचा, असे नाव होते. हम्बोल्टच्या लेखनातला ‘मोस्किटो’ सरसकट ‘डास’ म्हणून वाचला की त्याची अर्धी निरीक्षणे कळेनाशी होतात.

कारण या कीटकांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. सकाळी साडेसहापासून संध्याकाळी पाचपर्यंत मोस्किटो. सूर्यास्तापूर्वी तासभर ‘तेंप्रानेरो’ नावाचे दुसरे, बारीक डास कामावर रुजू होत आणि सहा-सातच्या सुमारास नाहीसे होत. मग काही मिनिटांची उसंत, आणि लगेच सांकुदोंची रात्रपाळी. पहाटे पुन्हा तेंप्रानेरो. डोळे बांधले तरी गुणगुण आणि चाव्याची कळ यांवरून किती वाजले ते सांगता येईल, असे हम्बोल्टने लिहिले आहे. हा विनोद वाटतो, पण कोणता कीटक केव्हा चावतो हे तपासण्याची ती सुरुवातच होती.

वेळेइतकाच फरक पाण्याचाही. आतुरेस आणि माइपुरेस येथील धबधब्यांपाशी दिवसाच्या माश्यांचा कहर होता. याचे कारण आज माहीत आहे : काळ्या माशीच्या अळ्या वाहत्या पाण्यातल्या दगडांना आणि पानांना चिकटून वाढतात. उलट, होडी आताबापो आणि पुढे रिओ नेग्रो या चहासारख्या गडद पाण्याच्या नद्यांत शिरली आणि डास जणू गायब झाले. असे पाणी आम्लधर्मी असते, त्यात पोषकद्रव्ये कमी असतात. कासिक्यारेच्या पांढुरक्या पाण्यात परतताच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिथल्या मांदाबाका गावात भेटलेला मिशनरी आपण डासांची वीस वर्षे काढली असे सांगत असे. पायांवर इतके डाग होते की मूळ कातडीचा रंग ओळखू येईना. ओरिनोकोवरच्या एस्मेराल्दा गावाची कीर्ती तर अशी की तिथे बदली म्हणजे शिक्षा. मिशनऱ्यांना धाकात ठेवायला तेवढे नाव पुरे होई.

साहजिकच सकाळी भेटल्यावर पहिली विचारपूस डासांची. ‘रात्री सांकुदो कसे वाटले? आज मोस्किटोंचे काय?’ आपल्याकडे पावसाची चौकशी व्हावी तशी.

बचावाचे उपाय स्थानिकांचेच होते आणि पाहुण्यांनी ते मुकाट्याने उचलले. माइपुरेसचे लोक रात्री गाव सोडून धबधब्यांमधल्या खडकाळ बेटांवर झोपायला जात. तुषारांनी भरलेल्या हवेत डास कमी येत. आतुरेसच्या पाद्री सेआ यांनी ताडाच्या खांबांवर एक माचाण उभारले होते, कारण माश्यांचा थर जमिनीपासून साधारण १५ फुटांपर्यंतच दाट असतो हे त्यांच्या लक्षात आले होते. संध्याकाळी शिडीने वर चढून पाहुणे रोजनिशी लिहीत. आजच्या कोलंबियातील मागदालेना नदीवर गावच्या चौकात गुरे गोळा करत आणि माणसे त्यांच्याजवळ कातडी अंथरून पडत, म्हणजे डास गुरांकडे वळत. कॅरिबियन किनाऱ्यावरील हिगेरोते येथे लोक फक्त डोके बाहेर ठेवून वाळूत पुरून घेत. ओरिनोकोकाठचे ओतोमाक आदिवासी मोरिचे नावाच्या ताडाच्या तंतूंची मच्छरदाणी विणत. त्यांना रानटी ठरवणाऱ्या युरोपीयांनाही तिचा हेवा वाटला असता.

सर्वांत हालाचा उपाय म्हणजे ‘ओर्नितो’, शब्दशः लहान भट्टी. ही बिनखिडक्यांची, बिनदाराची खोली. बुटक्या भोकातून पोटावर सरपटत आत जायचे. आधी ओल्या काटक्यांची धुरी देऊन कीटक हाकलायचे, मग भोक बंद करायचे. आत कोंडलेली उष्ण हवा आणि राळेच्या मशालीचा धूर. बाँप्लाँने अशा भट्ट्यांत बसून शेकडो वनस्पती वाळवल्या. बाहेर एक हात कागदावर ठेवला तर दुसरा चेहरा झाडण्यात जाई.

स्थानिकांची कातडी निबर, त्यांना चावा जाणवत नाही, हा समज हम्बोल्टने खोडून काढला. वल्हवणारे एकमेकांच्या पाठीवर चापट्या मारत, झोपेतसुद्धा. माइपुरेसला तरुण गोल करून बसत आणि वाळवलेल्या सालीने एकमेकांच्या पाठी खसाखसा घासत. बायका टोकदार हाडाने प्रत्येक चाव्याच्या मध्यावर साकळलेला रक्ताचा ठिपका उकरून काढत.

या कीटकांमधून आजार पसरतो हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आंगोस्तुराला पोहोचल्यावर दोघेही जवळपास एकाच दिवशी तापाने आडवे झाले आणि महिनाभर तिथेच अडकले. बाँप्लाँची प्रकृती अधिक गंभीर झाली. हम्बोल्टने मधात कालवलेला तिथल्या कडू सालीचा अर्क घेतला. डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला दिसले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे जवळपास शतकानंतर. दिवसपाळीवरची काळी माशीही निरुपद्रवी नव्हती. तिच्यामार्फत पसरणाऱ्या कृमींमुळे ‘नदी-अंधत्व’ येते. कोलंबियाने २०१३ मध्ये हा रोग हटवला. ओरिनोकोच्या उगमाकडील यानोमामी लोकांच्या जंगलात, ब्राझीलच्या सीमेवर, तो त्यानंतरही टिकून राहिला. काही वस्त्यांवर औषध पोहोचवायला हेलिकॉप्टर लागते.