आदिवासी भाषा मोबाइलवर लिहिता येत नाहीत?

‘आदिवासी भाषांना लिपी नाही, म्हणून त्या मोबाइलवर चालत नाहीत’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण स्क्रीनवर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. पण चौकोनाचा अर्थ एवढाच, की त्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही.

लिपीतल्या प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, क्रमांक मिळाला, की फॉन्ट आणि कीबोर्ड असलेल्या कोणत्याही यंत्रावर ते लिहिता येतं. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या चेरोकी लिपीला तो १९९९मध्ये मिळाला, संथालीच्या ओल चिकी लिपीला २००८मध्ये, गोंडीच्या मसराम लिपीला २०१७मध्ये. स्वतःची लिपी नसलेल्या भाषा देवनागरीत किंवा रोमनमध्ये लिहिता येतातच. मराठी तरी कुठे स्वतंत्र लिपीत लिहितो?

खात्री करायची तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी उघडून संथाली शोधा. नसेल तर वेगळं कीबोर्ड अ‍ॅप घ्यावं लागतं. खरी अडचण नेटवर्कची आणि फोनच्या किमतीची, पण तिच्याबद्दल कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.