भाजीपिकांतील नॅनोकण : विषपरीक्षेपासून खतापर्यंत

नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजावे लागणारे अतिसूक्ष्म कण, शेतीत खत म्हणूनच आले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात भाजीपिकांवरील सुरुवातीच्या अनेक चाचण्या त्यांच्या विषारीपणाच्या होत्या. कारखानी वस्तूंतील हे कण सांडपाण्यातून आणि त्याच्या गाळातून जमिनीत उतरतील, ही त्यामागची भीती. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुळा, लेट्यूस, काकडी यांसह सहा पिकांवर पाच प्रकारचे नॅनोकण तपासले गेले, तेव्हा लिटरला 2000 मिलिग्रॅम मात्रेत जस्त व झिंक ऑक्साइडच्या कणांनी मुळांची वाढ जवळजवळ थांबवली. तेच झिंक ऑक्साइड पुढे अत्यल्प मात्रेत सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून फवारले जाऊ लागले. पदार्थ तोच, फरक मात्रेचा.

खताकडून या कणांना मागणी येण्याचे कारण मात्र जुने आहे. इंग्लंडच्या जॉन लॉझ यांनी 1842 मध्ये सुपरफॉस्फेट या स्फुरदयुक्त (फॉस्फरसच्या) खताचे पेटंट घेतले आणि 1913 मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हवेतील नायट्रोजनपासून अमोनियाचे कारखानी उत्पादन सुरू झाले. खत मुबलक झाले, पण दिलेल्या नत्राचा मोठा भाग पाण्याबरोबर झिरपतो किंवा हवेत उडतो आणि स्फुरद कॅल्शियम, लोह यांच्याशी बांधले जाऊन मुळांच्या आवाक्याबाहेर राहते. 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने प्रचंड असल्याने, त्यांवर अन्नद्रव्य धरून ते सावकाश सोडता येईल, ही कल्पना येथून पुढे आली. 2017 मध्ये कॅल्शियम व स्फुरदाच्या एका खनिजाच्या, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या नॅनोकणांवर युरिया बसवून तो हळूहळू विरघळत असल्याचे दाखवण्यात आले, अर्थात शेतातील चाचणी भातावर होती, भाजीवर नव्हे. शिवाय कण बारीक केल्याने पिकाची नत्राची गरज बारीक होत नाही. जस्तासारख्या अल्प लागणाऱ्या द्रव्यांबाबत हा मार्ग अधिक पटण्यासारखा आहे.

कंपोस्टची भूमिका येथे निव्वळ पूरक खताची नाही. त्यातील ह्युमिक आम्ले (सेंद्रिय पदार्थ कुजून तयार होणारी आम्ले) कणांवर लेप धरतात, त्यामुळे कणांचे एकत्र गोळा होणे, विरघळणे आणि मुळांपर्यंत पोचणे या तिन्ही गोष्टी बदलतात. म्हणून नुसत्या पाण्यात किंवा वाळूत मिळालेला निष्कर्ष कंपोस्ट घातलेल्या वाफ्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पालेभाजीत तर फवारा ज्या पानावर पडतो तेच पान खाल्ले जाते, त्यामुळे तेथे उत्पादनवाढीइतकाच पानावर उरलेल्या कणांचा हिशेबही मांडावा लागतो.