घाईत सुरू केलेल्या टर्बाइनचे व्हॉल्व्ह का तडकतात?

चार्ल्स पार्सन्सचं 1884 चं पहिलं स्टीम टर्बाइन जेमतेम साडेसात किलोवॉटचं. वाफेचा दाब बेताचा, त्यामुळे व्हॉल्व्हच्या भिंतीही बेताच्या. पुढे कार्यक्षमतेच्या मागे लागून दाब आणि तापमान दोन्ही वाढत गेलं, आणि दाब पेलायला भिंती जाड होत गेल्या.

गोम इथेच आहे. दाबाला जाडी लागते. उष्णतेच्या बाबतीत तीच नडते. थंड स्टॉप व्हॉल्व्हमध्ये (टर्बाइनकडे जाणारी वाफ सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेत) वाफ शिरली की आधी ती धातूवर पाणी होऊन जमते, आणि जमताना कोरड्या वाफेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता देते. आतला थर झटक्यात तापून प्रसरण पावू पाहतो, मागचं गार पोलाद त्याला आवळून धरतं. आतला पृष्ठभाग आणि भिंतीचं सरासरी तापमान यांत 100 अंशांचा फरक पडला, तर ढोबळ हिशेबाने 350 मेगापास्कल ताण येतो. एवढ्या ताणाखाली तापलेला थर कायमचा थोडा दबू शकतो. मग भिंतभर तापमान सारखं झालं की तोच थर ओढला जातो. हे पुन्हा पुन्हा घडलं की तडे आतून सुरू होतात. शिवाय जाडी दुप्पट केली की उष्णता मुरायला साधारण चौपट वेळ लागतो.

या शर्यतीचं टोक म्हणजे अमेरिकेतलं फिलाडेल्फियाजवळचं एडीस्टोन वीजकेंद्र. 1960 च्या सुमारास सुरू झालेला तिथला पहिला संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून) सुमारे 345 बार आणि 649 अंश सेल्सिअसच्या वाफेसाठी आखलेला होता. त्यासाठी वापरलेलं ऑस्टेनिटिक (क्रोमियम-निकेलयुक्त) पोलाद तापल्यावरही दणकट, पण उष्णता सावकाश वाहणारं आणि जास्त प्रसरण पावणारं. औष्णिक ताणाच्या दृष्टीने याहून वाईट जोडी शोधून सापडायची नाही. पुढे तो संच 610 अंशांच्या आसपास उतरवून चालवावा लागला.

तापण्या-निवण्याच्या थोड्याच आवर्तनांत धातूला येणाऱ्या या थकव्याचं गणित कॉफिन आणि मॅन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1950 च्या दशकात स्वतंत्रपणे मांडलं होतं. पण वर्षातून मोजक्या वेळा थांबणाऱ्या संचांत त्याची झळ फारशी लागत नसे. नंतर 9 टक्के क्रोमियमच्या पोलादांमुळे भिंती पातळ करता आल्या. पण वारा आणि सूर्य ग्रिडवर आले, नि औष्णिक संचांना वारंवार बंद-चालू होण्याची पाळी आली.

आता व्हॉल्व्हच्या भिंतीत दोन थर्मोकपल (तापमान मोजणारी साधनं) बसवतात, एक आतल्या पृष्ठभागाजवळ आणि दुसरं मध्यावर. त्यांतला फरक मर्यादेत राहील तेवढ्याच वेगाने संच पुढे न्यायचा. हॉट स्टार्टला, म्हणजे संच अजून तापलेला असतानाच पुन्हा सुरू करताना, मात्र उलटी भीती असते: तापलेल्या व्हॉल्व्हवर तुलनेने गार वाफ आली, तर आतला थर थेट ओढला जातो. म्हणून तिथे व्हॉल्व्ह उघडण्याआधी वाफच धातूपेक्षा गरम करून घ्यावी लागते.