शाफ्टवरचं ते एक अक्षर

हल्ली बडोद्यात गोल्फच्या सरावाच्या रेंजवर एक सीन हमखास दिसतो. कोणीतरी नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, घेऊन येतो, बॉल मारायच्या आधी क्लब आडवा धरून मनगटाने हलवतो, पुढे हेड चांगलं वीतभर डुलतं आणि मागे बसलेले काका म्हणतात, अरे हा क्लब आहे का वेताची छडी? मग चर्चा सुरू, की ही नवीन टेक्नॉलॉजी आहे, एवढा मऊ शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, आधी कधी नव्हताच वगैरे वगैरे. तर ही पार्श्वभूमी त्यासाठी, कारण मऊ शाफ्ट नवीन नाहीये, उलट गोल्फचा बराचसा इतिहास मऊ शाफ्टवरच खेळला गेलाय आणि ताठ शाफ्ट हे मधलं प्रकरण आहे.

लाकडाचा काळ पटकन उरकतो. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे कारागीर अमेरिकेतून हिकरीचं लाकूड आणायला लागले, त्याआधी अॅश वगैरे चालायचं. हिकरी लवायची आणि शिवाय पिळायचीही, म्हणजे जोरात फिरवलं की हेडचं तोंड मागे राहायचं, त्यामुळे तेव्हाचे लोक हळू तालात, अंगाभोवती गोल स्विंग करायचे. दोन काठ्या सारख्या कधीच नसायच्या. 1930 मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो अमेरिकन हौशी खेळाडू हिकरीनेच खेळला. त्याने आपले क्लब हाताला लागतील तसे निवडले होते, आणि पुढे कधीतरी मशीनवर तपासले तेव्हा एक सोडून सगळे एकमेकांशी जुळले, आणि तो एक त्याला कायम त्रास द्यायचा असं सांगतात. गोष्ट थोडी घासूनपुसून गोड केली असेल, पण मुद्दा असा की तेव्हा फ्लेक्स, म्हणजे शाफ्ट किती लवतो ते, हाताला कळायचा, शाफ्टवर काही छापलेलं नसायचं.

स्टीलची कहाणी जास्त मजेशीर. 1890 च्या दशकातच एडिंबरोजवळच्या एका लोहाराने स्टील शाफ्टचं पेटंट घेतलं होतं, पण नियम करणाऱ्यांनी ते मान्य करायला तीसेक वर्षं घेतली. अमेरिकेत नियम करणाऱ्या संस्थेने 1924 ला परवानगी दिली, चांगली हिकरी मिळणं अवघड व्हायला लागलं होतं हे त्यामागचं एक कारण. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजवाल्यांनी, म्हणजे तिकडचे नियम करणाऱ्यांनी, मात्र 1929 पर्यंत ताणलं. मधली पाच वर्षं एकच खेळ समुद्राच्या एका बाजूला कायदेशीर आणि दुसऱ्या बाजूला बाद! शेवटी इंग्लंडचा युवराज स्टीलचे क्लब घेऊन तिथे खेळला आणि त्याला बाद कोण ठरवणार म्हणून नियमच बदलला अशी दंतकथा आहे. मला विचाराल तर त्या पाच वर्षांत परंपरेपेक्षा हट्टच जास्त होता, कारण 1931 ची यूएस ओपन स्टीलने जिंकली गेली आणि पाचेक वर्षांत हिकरी मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ गेलीच. लोकांची नजर मात्र लाकडाला सरावलेली, म्हणून सुरुवातीचे कितीतरी स्टील शाफ्ट लाकडासारखं दिसणारं आवरण चढवून विकले गेले. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं गोल्फचं मैदान आखलं गेलं तेही याच 1930 च्या दशकात, युरोपियन पाहुण्यांसाठी, म्हणजे आपल्याकडे होल खणले जात होते तेव्हा तिकडे लाकूड मोडीत निघत होतं. सगळ्यांसाठी ते खुलं झालं 1990 च्या दशकात, तोपर्यंत स्टीलनंतर आलेले ग्राफाइटचे, म्हणजे कार्बनच्या तंतूंचे, शाफ्टसुद्धा जुने झालेले.

आता मुख्य घोळ. स्टीलची नळी कारखान्यात एकसारखी काढता येते, पायऱ्या पायऱ्यांनी बारीक करता येते, म्हणजे किती लवेल ते ठरवून बनवता येतं. मग ते विकायला लेबल हवं, तर आली अक्षरं: एल, ए, आर, एस, एक्स. एल म्हणजे लेडीज, आर रेग्युलर, एस स्टिफ, एक्स एक्स्ट्रा स्टिफ. ए चं कोणी अमॅच्युअर सांगतं, दुकानात मात्र तो सिनियर म्हणून विकतात, आणि आपले साठी ओलांडलेले काका नेमका तोच घेत नाहीत कारण सिनियर म्हटलं की इज्जतीचा प्रश्न येतो. आणि खरी गोम अशी की या अक्षरांना कुठलंही समान माप नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एस इतका ताठ असू शकतो, आणि त्यात कोणी कुठला नियम मोडलेला नसतो. नियमपुस्तकात शाफ्टबद्दल एवढंच आहे की तो सरळ असावा, कसाही फिरवून धरला तरी सारखाच लवावा आणि दोन्ही बाजूंना सारखाच पिळावा. किती लवावा याला मर्यादाच नाही!

हे मी नुसतं ऐकून सांगत नाहीये. मकरपुरा जीआयडीसीत एका मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथे एका रविवारी आम्ही दोन जुने ड्रायव्हर शाफ्ट नेले, दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन्हीवर आर. हेड काढलेली होती. ग्रिपचं टोक व्हाइसमध्ये रबराचा तुकडा घालून आवळलं, पुढच्या टोकाला एकच वजन आळीपाळीने लटकवलं आणि मागच्या भिंतीवर खडूने खूण केली. दोन खुणांमध्ये चांगली तीन बोटं फरक. मित्राला गोल्फमधलं शष्प कळत नाही, तो म्हणाला माझ्याकडे असा माल आला असता तर मी पार्टीला परत पाठवला असता.

फिटिंगवाले म्हणून अक्षरं सोडून आकड्यावर जातात. शाफ्ट मागून आवळायचा, पुढचं टोक ओढून सोडायचं आणि मिनिटात किती वेळा थरथरतो ते मशीन मोजतं, जास्त थरथर म्हणजे जास्त ताठ. साधा रेग्युलर ड्रायव्हर अडीचशेच्या आसपास येतो. पण हा आकडाही अर्धवटच, कारण मागचा भाग ताठ आणि पुढचा मऊ असा शाफ्ट असला तर ते त्या एका आकड्यात दिसत नाही.

आपल्या भाषेत यासाठी बरे शब्द आहेत, कोणी वापरत नाही ती गोष्ट वेगळी. लवणं, वाकणं आणि पिळणं. लवलेली वस्तू परत सरळ होते, वाकलेली वाकलेलीच राहते. दांडियाबाजारात आखाड्यात लाठी फिरवलेल्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. फ्लेक्स म्हणजे लवणं. पीळ वेगळा, ज्याला शाफ्टवाले टॉर्क म्हणतात, आणि ग्राफाइटची सगळी सुरुवातीची बदनामी या पिळाने झाली. 1969 मध्ये मासेमारीचं सामान बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीतल्या इंजिनिअरने ग्राफाइट शाफ्ट काढला. त्याआधी 1965 ची यूएस ओपन काचतंतूच्या शाफ्टने जिंकली गेली होती पण ते फॅड टिकलं नाही. ग्राफाइट हलका होता, पण पहिले शाफ्ट इतके पिळायचे की बॉल कुठे जाईल याचा भरवसा नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असा तो माल. पुढे तंतू तिरके घालून पीळ आवरला, आणि मग ड्रायव्हरमधून स्टील हळूहळू गेलंच.

या सगळ्यानंतर 2020-21 ला कोरियातल्या एका छोट्या कंपनीचा गुलाबी शाफ्ट गाजला. वजन चाळीस-पन्नास ग्रॅमच्या घरात, एकदम मऊ, तरी पीळ ताब्यात असा दावा, किंमत 800 डॉलरच्या जवळपास आणि आत काय आहे ते गुपित. मास्टर्स जिंकलेल्या एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने 2021 च्या सुरुवातीला तो अमेरिकेतल्या एका व्यावसायिक स्पर्धेत वापरला आणि चर्चा पेटली, कारण तोपर्यंत जोरात मारणाऱ्याने ताठच घ्यायचा हे गृहीतच होतं.

गुपिताबद्दल मी साशंक आहे. मऊ शाफ्ट गोफणीसारखा बॉल फेकतो हा समज तर चुकीचाच, बॉल हेडला जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटतो, तेवढ्यात शाफ्टला काही करायला वेळच नसतो. जे होतं ते आधी होतं: खाली येताना हेडचा भार शाफ्टच्या रेषेत नसतो म्हणून बॉलपाशी शाफ्ट थोडा पुढे लवलेला असतो, त्याने लॉफ्ट, म्हणजे हेडच्या तोंडाचा कल, वाढतो आणि बॉल उंच जातो. बाकी सगळा तालाचा खेळ.

आमच्यातल्या एकाने तसला शाफ्ट आणला तेव्हा तिघांनी आळीपाळीने मारून बघितलं. माझे पहिले चार बॉल डावीकडच्या झाडीत, कारण मी घाईत ओढतो. अडुसष्ट वर्षांच्या काकांनी, ज्यांचा बॅकस्विंग बघताना चहा निवतो, पहिलाच बॉल उंच आणि सरळ काढला. मग क्लब उलटा करून चष्मा कपाळावर ढकलून शाफ्ट वाचायला लागले. त्यावर आर नाही, एस नाही, फक्त मॉडेलचा नंबर.

"हे 505 म्हणजे काय रे," काकांनी विचारलं, "सिनियर तर नाही ना?"