झडपेची खरी स्थिती : हुकमापासून मोजमापापर्यंत

कोकणातील खारभूमीच्या बांधांत बसवलेली उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी झडप, भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. ती कोणत्या अवस्थेत आहे, हे बांधावर उभ्या माणसाला डोळ्यांनी दिसते. नळपाणी योजनेतील जमिनीखालच्या झडपेला ही सोय नाही. तिथे व्हॉल्व्हमन चावीचे फेरे मोजतो आणि दांडा अडला की झडप बंद झाली असे धरतो. झडपेला विजेची मोटर जोडली गेली, तेव्हा ही मोजणी यंत्राकडे सोपवणे भाग पडले.

प्रारंभी ते काम लिमिट स्विचवर, म्हणजे झडप टोकाला पोचली की दाबल्या जाणाऱ्या स्विचवर, भागले. हे स्विच दोन्ही टोके सांगत, मधली स्थिती मात्र सांगत नसत. त्याहून घातक होती ती हुकमालाच स्थिती मानण्याची चूक. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडीच अडकली, पण नियंत्रण कक्षातील दिवा झडपेची नव्हे, तर तिला हलवणाऱ्या विद्युतचुंबकाची (सोलेनॉइडची) वीज चालू आहे की बंद, एवढेच दाखवत होता. दिवा विझला म्हणून झडप मिटली असे समजले गेले, दोन तासांहून अधिक काळ शीतक वाहून गेले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. पोझिशन फीडबॅकला, म्हणजे झडपेची खरी स्थिती परत कळवण्याला, जोडकाम समजणाऱ्या प्रत्येकाने ही घटना मुळापासून वाचावी, असे मला मनापासून वाटते.

मधली स्थिती कळवण्यासाठी मोटर आणि झडप यांच्यामधल्या गिअरच्या दांड्याला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारा रोधक, जोडण्याची पद्धत रूढ झाली. अंतर जास्त असेल तर ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह वापरला जातो : ४ म्हणजे पूर्ण बंद, २० म्हणजे पूर्ण उघडी. त्याआधीच्या हवेच्या यंत्रणेत ३ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब हीच भाषा होती, आणि दोन्हींत किमान व कमाल यांचे प्रमाण १ : ५ असेच आहे. शून्यापासून सुरुवात न करण्याचे कारण साधे आहे : तार तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि त्याची 'पूर्ण बंद' या संदेशाशी गल्लत होत नाही. खाऱ्या हवेने जोडण्या गंजणाऱ्या किनारपट्टीवर याचे मोल विशेष आहे, कारण गंजामुळे वाढलेला रोध व्होल्टेजचे वाचन बिघडवू शकतो, तर प्रवाह मात्र पुरवठ्याची क्षमता संपेपर्यंत तोच राहतो.

हा प्रवाह वाचायला नियंत्रक चिप लागते आणि तिला तो आकड्यात बदलून द्यावा लागतो. १९८० च्या इंटेल ८०५१ या नियंत्रक चिपमध्ये हे करणारा अॅनालॉग-डिजिटल रूपांतरक नव्हता, त्यासाठी वेगळी चिप लागे. पुढे अॅटमेगा ३२८ सारख्या चिपमध्ये १० बिटचा, म्हणजे ० ते १०२३ असे आकडे देणारा, रूपांतरक आतच आला. हा रूपांतरक व्होल्टेज मोजतो, म्हणून प्रवाह रोधकातून नेतात : २२० ओहमच्या रोधकावर ४ मिलिअँपिअरला ०.८८ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरला ४.४ व्होल्ट मिळतात. ५ व्होल्टच्या संदर्भाशी तुलना केल्यास ही वाचने सुमारे १८० ते ९०१ अशी येतात. वर आणि खाली उरणारी जागा दोष ओळखण्यासाठी लागते, म्हणून १६० च्या खालचे वाचन प्रोग्रॅमने 'बंद' न मानता 'तार तपासा' असे नोंदवले पाहिजे. तरीही हे मोजमाप गिअरचे असते, झडपेच्या पाकळीचे नव्हे. दोहोंना जोडणारी किल्ली (दांड्याच्या खाचेतील धातूची पट्टी) तुटली तर वाचन 'बंद' दाखवते आणि पाणी वाहतच राहते. ते पकडायला झडपेच्या पुढच्या नळात दाबाचा वेगळा सेन्सर लागतो.