गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त

कृष्णाकाठच्या मळ्यांवर, जतच्या माळावर आणि साताऱ्याच्या पेठांतल्या घरांत कुत्र्याच्या गोचिडावर एकच उपाय चालतो: कान उलटायचा, दिसेल तो गोचीड बोटांनी ओढायचा आणि चिरडायचा. पुढच्या आठवड्यात तितकेच पुन्हा हजर. दोष जातो शेजारच्या गोठ्याला. पण गाईगुरांवरचा नेहमीचा गोचीड वेगळ्या जातीचा, तो पिल्लापासून प्रौढापर्यंत एकाच जनावराच्या अंगावर वाढतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड दर टप्प्याला रक्त पिऊन खाली उतरतो, कात टाकतो आणि नव्याने कुत्रा शोधतो.

रक्ताने टम्म फुगलेली मादी उतरली की वर चढते. दगडी भिंतीच्या फटी, पत्र्याच्या शेडचे सांधे, दाराची चौकट अशा आडोशाला ती अंडी घालते आणि मरते. एका मादीची अंडी 4,000 पर्यंत जाऊ शकतात. प्रौढ गोचीड उपाशीपोटीही कित्येक महिने तग धरतो. म्हणून फटी सिमेंटने बुजवा, कुत्र्याचं पोतं किंवा गोधडी कढत पाण्यात धुवा. भिंतींवर औषध मारायचं असेल तर कुत्र्याला बाहेर बांधा आणि भिंत वाळल्यावरच आत घ्या.

अंगावरचा गोचीड काढताना रॉकेल, जळती काडी, तंबाखूचं पाणी यातलं काहीही नको. त्याच्या सोंडेवर मागे वळलेले काटे असतात, शिवाय तो लाळेतल्या चिकट पदार्थाने स्वतःला कातडीत घट्ट रोवून घेतो. डिवचला, दाबला गेला तर पोटातला ऐवज जखमेत ओकण्याचा धोका असतो, आणि रोगाचे जंतू त्यातच असू शकतात. रॉकेलने कातडी भाजते ती वेगळीच. हातमोजे घालून बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला अगदी कातडीलगत धरा. पोट दाबू नका. पिळू नका, हिसका देऊ नका. सरळ, सावकाश ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नका, तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका, जखम जंतुनाशकाने पुसा, हात साबणाने धुवा. कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, काखा आणि शेपटीखालची जागा रोज चाचपावी.

गोचीड मारणाऱ्या गोळ्या, मानेवर टाकायचे थेंब, पट्टे असं सगळं आता मिळतं. फ्लुरालॅनरच्या गोळीचा असर साधारण 12 आठवडे राहतो. मात्रा वजनावर ठरते आणि कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. गोठ्यातलं जनावरांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण तो अंग चाटतो. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नका. मांजराच्या जिवावर बेततं.

गोचीड निघाला तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. गोचिडातून येणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गात ताप येतो, कुत्रा खाणं सोडतो, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी घटतात, कधी नाकातून रक्त येतं. गोचिडातूनच येणारा बबेसिया हा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी गडद होते. दोन्हींची औषधं वेगळी, त्यामुळे आधी रक्त तपासून घ्यावं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण 4 आठवडे द्यावं लागतं. दोन-तीन दिवसांत कुत्रा उड्या मारू लागतो आणि नेमक्या तेव्हाच घरोघरी गोळ्या थांबतात. थांबवू नका, कोर्स पुरा करा.